बरणीवरचं नाव

मोहाची फुलं गळायला लागली की आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागतात. बाहेर बाया सकाळपासून टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात आणि आत आम्ही बरण्या पुसत असतो. बाहेर तो गोड, जड, डोक्यात चढणारा वास. आत फॉर्मेलिनचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. पाहुणे येतात आणि म्हणतात, मार्चमध्ये तुमचं गडचिरोलीचं रान काय सुंदर दिसतं हो, पळस काय फुलतो! फुलत असेल बापा. मला मार्च आवडत नाही. बावीस वर्षं झाली, आवडत नाही. कारण सांगितलं तर लोक हसतील, कारण ते कारण म्हणजे बोटभर लांबीचा एक किडा आहे.

किडा समुद्रातला. आमच्या जिल्ह्यातून समुद्र बघायचा तर अख्खा दिवस आणि अख्खी रात्र प्रवास करावा लागतो, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी अजून नागपूर पाहिलेलं नसतं. पण अभ्यासक्रम बनवणाऱ्यांना त्याच्याशी काय करायचंय? नेरीस आला पाहिजे म्हणजे आला पाहिजे. गांडुळाच्या नात्यातला, दोन्ही अंगांना बारीक पायांच्या झालरी असलेला, किनाऱ्यावरच्या चिखलात बीळ करून राहणारा. आमच्या मुलांना तो भेटतो तो बरणीत, रंग उडालेला, सुतळीच्या तुकड्यासारखा. परीक्षेच्या दिवशी अशा दहा बरण्या ओळीनं मांडायच्या, नावावर कागद चिकटवायचा, आणि मुलांनी एकेकीपुढे दोन-दोन मिनिटं उभं राहून आत कोण आहे ते लिहायचं. सरांनी टेबलावर पट्टी आपटली की पुढच्या बरणीकडे सरकायचं. याला स्पॉटिंग म्हणतात.

आता आतली गोष्ट सांगते. आमच्याकडची मुलं किडा बघतच नाहीत. बरणी बघतात. झाकणाला लाल मेण लागलेली ती नेरीसची. काठाला टवका उडालेली ती जळूची. बुडाशी पिवळा डाग असलेली ती गोगलगाईची. ही विद्या वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना देतात, होस्टेलच्या ओट्यावर बसून, परीक्षेच्या आदल्या दिवशी. मीही अशीच शिकले, अशीच पास झाले, आणि आज त्याच विभागाची प्रमुख म्हणून खुर्चीत बसले आहे. बरणी न बघता किडा बघणारी आमच्या वर्गात एकच होती, वनमाला.

वनमाला आरमोरीकडच्या एका खेड्यातली. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती होस्टेलात राहायची, मी गावातच. माझे बाबा सरकारी कचेरीत होते, त्यामुळे घरी पंखा होता, टेबल होतं, आणि पुढे शिकायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. ती दर वर्षी पहिली यायची, मी दुसरी. लोक म्हणायचे, दोघी कशा सख्ख्या बहिणी! मी हसायची. दर वर्षी दुसरं येऊन हसायला काय लागतं ते दुसऱ्या आलेल्यालाच माहीत.

दुसऱ्या वर्षाला पोळ्याच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले होते. तिच्या घरी कोसा पाळायचे, म्हणजे ऐनाच्या झाडावर वाढवतात ते टसर रेशमाचे किडे. छपरीत दोरीवर कोशांच्या माळा टांगलेल्या, आणि त्यांतून रात्री बाहेर पडलेली मोठाली बदामी पाखरं सकाळी जोडीजोडीनं चिकटून बसलेली. पंखांवर डोळ्यासारखे गोल. मी बघतच राहिले. वनमाला मात्र घरची मालकीण असल्यासारखी मला दाखवत होती.

"हे मादी. हे काई करत नाई, बसल्या जागी बसून राह्यते. वास सोडते फक्त. मंग नर येते, कुठून कुठून येते. आपल्या माळेवरचे तं येतेच, पण कधी कधी रानातला येते. तिकडल्या डोंगराकडून."

"वास? मला तर काही येत नाही."

"तुले काऊन येईन वं? तू काय नर हायस?"

तिची आई खो खो हसली. मग आईनं कात्री घेतली आणि एकेक जोडी सोडवून मादीचे पंख छाटायला बसली. पंख छाटले की मादी फडफडत नाही, जागच्या जागी अंडी घालते. कातरलेले पंख सुपात पडत होते. वनमालानं ते पंख मुठीत घेतले, उडवले, आणि म्हणाली, "यायले तोंडच नसते, माहीत हाय? पाखरू झालं का खाणं बंद. जेवाले टाइमच नाई बिचाऱ्यायले."

अंडी फुटली की किडे ऐनाच्या रानात नेऊन झाडांवर सोडायचे, आणि पुढचा दीड महिना घरातले पुरुष तिथंच राखणीला राहायचे. एक वेळ जेवायचं, तेल नाही, साबण नाही, बायकोचं तोंड बघायचं नाही. आणि बाईनं त्या रानात पाय टाकायचा नाही. वनमालानं लहानपणी एकदा टाकला होता, तेव्हा बापानं तिला काठीनं परत आणलं होतं. बाईचा वास लागला की किडे मरतात म्हणे. "वासावरच तं चालते सारं त्यायचं," वनमाला म्हणाली, "अन् वास कोणाचा? बाईचाच. मंग बाईले काऊन बंदी?" तिचा बाप ऐकत होता. त्यानं मान वळवली. पुढे तो जे बोलला ते मी सांगणार आहेच.

फायनलच्या वर्षी सरांनी नेरीस शिकवला. शिकवला म्हणजे वहीतून वाचून दाखवला. शेवटी दोन ओळी आल्या: विणीच्या काळात नेरीसचं शरीर बदलतं, त्या रूपाला हेटरोनेरीस म्हणतात. डोळे मोठे होतात, मागच्या अर्ध्या अंगाचे पाय वल्ह्यांसारखे चपटे होतात, आणि तो बीळ सोडून वर पाण्यात पोहायला येतो. पुढचा मुद्दा. वनमालानं हात वर केला.

"सर, अंधारात अन् एवढ्या पाण्यात नराले मादी कशी सापडते?"

सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही."

तेवढ्यानं गप्प बसेल ती वनमाला कसली! तिनं लायब्ररीतल्या खालच्या फळीवरचं वाळवीनं खाल्लेलं एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि चार दिवस त्याच्याशी मारामारी केली. पाचव्या दिवशी मला ओढत पिंपळाखाली घेऊन गेली. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं हिचं लग्न ठरलं.

"पाण्यातलं कोसंच हाय वं ते, संगे! मादी पाण्यात कायतरी सोडते. नराले ते लागलं का तो येड्यासारखा तिच्याभोवती गोल गोल फिरते. मंग तो सोडते, त्याचं तिले लागते, मंग ते अंडे सोडते. शब्द नाई, आवाज नाई. अन् यायचंही पोटच संपते, खाणं बंद. एकदा वर आला का परत चिखलात जाणं नाई. तितंच मरून जाते."

"मग काय फायदा?"

"फायदा!" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुले फायदाच दिसते का वं सारा?"

तिला ते काय रसायन असतं ते हवं होतं. पुस्तकात एवढंच होतं की अजून नीट माहीत नाही. "मी पाहीन," ती म्हणाली. "एमएस्सी करीन, समुद्राकडं जाईन अन् मी पाहीन." विहिरीवर पाणी आणायला जाईन म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली. मी तिची थट्टा केली की समुद्रात आरमोरीची बस जात नाही. आतून मात्र मला काहीतरी टोचलं होतं. मला नेरीसबद्दल असं कधीच काही वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही, आणि मी तो वीस वर्षं शिकवते आहे.

आता तिच्या बापाचं. फायनलच्या परीक्षेआधी तो कॉलेजात आला होता, डोक्याला पटका, हातात पिशवी. कोरपन्याकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा सिमेंटच्या कारखान्यात होता. बाप वाईट नव्हता. त्यानं आम्हा दोघींसमोरच सांगितलं, "गावात लोक बोलून राह्यले, पोरगी किती दिस बाहीर ठेवता. पयली आली तं मी सांगू शकतो, कॉलेजात पयली हाय, सरच म्हणतात शिकवा. लोकायचं तोंड बंद होते. दुसरी आली तं मंग मी काय सांगू?" वनमाला म्हणाली, "पयलीच येतो मी. कधी दुसरी आली काय?" बाप हसला. पिशवीतून त्यानं मोहाच्या वाळल्या फुलांचे लाडू काढले, दोन तिला, दोन मला. मी चवीनं खाल्ले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बरण्या धुवायला आम्हा दोघींना बोलावलं. ही आमच्या लॅबची रीत होती. परिचर कवडूभाऊ एकटे पडायचे, म्हणून दोन विश्वासाच्या पोरी घ्यायच्या, बरण्या पुसायच्या, फॉर्मेलिन कमी झालं असेल तर ओतायचं. लाल मेणाची बरणी वनमालाच्या हातात आली. तिनं ती खिडकीकडे धरली. भिंग लावलं. बरणी फिरवून फिरवून पाहिली.

"कवडूभाऊ, हे नेरीस नोहोय."

कवडूभाऊ जळूच्या बरणीत फॉर्मेलिन ओतत होते. त्यांचा हात थांबला.

"मागचे पाय पाहा. चपटे झाले हायत. डोळे केवढे हायत! हे हेटरोनेरीस हाय. संगे, तू पाह्य."

मी भिंगातून पाहिलं. शंकाच नव्हती. एकदा दिसल्यावर कुणालाही दिसावं इतकं स्पष्ट होतं. पुढचं अंग एका तऱ्हेचं, मागचं दुसऱ्याच. कवडूभाऊंनी दार लोटलं आणि हात जोडले. फार वर्षांपूर्वी पुसता पुसता त्यांच्या हातून नेरीसची बरणी फुटली होती. परीक्षेत दर साल नेरीस लागतो, हेटरोनेरीस कोण विचारतं? मग त्यांनी उरलेल्या हेटरोनेरीसच्या बरणीवर नेरीसची चिठ्ठी डकवली आणि रजिस्टरमध्ये हेटरोनेरीस फुटली असं लिहवून घेतलं. "दोन्ही किडेच तं हायत, बाई," ते म्हणाले. "एकाच घरचे. सरायले सांगू नका. माह्या नोकरीवर येईन." वनमालानं त्यांना वचन दिलं. मीही दिलं.

परत येताना मी विचारलं, "मग उद्या काय लिहिशील?"

"जे हाय ते. काऊन?"

"नाही, असंच."

त्या "असंच"वर मी पुढे कितीतरी वर्षं अडकून बसले आहे. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? वनमाला, सरांच्या यादीत नेरीस आहे, नेरीस लिही, पहिली ये, मग आयुष्यभर खरं बोल. एवढंच. पण मी सायकलला किल्ली लावली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांना चारची बस पकडायची होती आणि ते दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. स्पॉटिंग झालं. मग एकेकीला तोंडी परीक्षेला बोलावलं. वनमाला आत उभी होती, तिच्यानंतर माझा नंबर म्हणून मी दाराशी. परीक्षकांनी तिचा कागद बघितला.

"पाच नंबरला काय लिहिलंय हे? हेटरोनेरीस?"

"हो, सर."

"यादीत नेरीस आहे."

वनमालानं सांगायला सुरुवात केली, मागचे पाय, मोठे डोळे. परीक्षागृहात ती पुस्तकी बोलायचा प्रयत्न करायची, पण तापली की घरची बोली यायची. "सर, तुमी भिंगातून पाहा नं, दिसून राह्यलं." आमचे सर लाल झाले. वीस वर्षं ही बरणी नेरीसची आहे, वीस वर्षांत कुणाला दिसलं नाही, आणि ही कालची पोरगी! परीक्षकांनी बरणी उचलली, उजेडाकडे धरली, चष्मा वर केला, खाली केला. बरणी धुरकट होती. त्यांनी विचारलं, "रजिस्टर काय म्हणतं?" रजिस्टर आणलं. रजिस्टर म्हणत होतं, हेटरोनेरीस फुटली. भिंतीशी कवडूभाऊ उभे होते, पांढरे पडलेले. वनमालानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. ती नाही बोलली.

तेव्हा सर माझ्याकडे वळले. "तू सांग. काल तूही पुसल्यास ना बरण्या? काय आहे हे?"

मी म्हटलं, "नेरीस, सर."

सर म्हणाले, "बरोबर."

त्या उत्तराचे दोन मार्क होते. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा वनमाला एका मार्कानं दुसरी आली होती. एका मार्कानं! लोकांना हे सांगितलं तर ते म्हणतात, सिनेमात होतं असं. आमच्याकडे सिनेमा लागत नव्हता बाप्पा, हे आमच्याकडे असंच झालं. पंधरा दिवसांत तिचं लग्न झालं. मांडवात मी तिच्या शेजारी बसले होते, तिच्या हातावरची मेंदी वाळावी म्हणून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत. ती एकदाही त्या बरणीबद्दल बोलली नाही. मला वाटलं, विसरली. मला वाटून घ्यायला काय जातं!

मी एमएस्सीला गेले. दुसऱ्या वर्षी आमची सहल रत्नागिरीकडे गेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळे ओरडले, मीही ओरडले. ओहोटीच्या चिखलात बोटं घालून आम्ही किडे काढले. जिवंत नेरीस हिरवट-तांबूस असतो, त्याच्या अंगावर इंद्रधनुष्य हलतं. बरणीत त्यातलं काहीच येत नाही. तो माझ्या तळहातावर वळवळत होता आणि मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं. मैत्रिणींना वाटलं मी किड्याला घाबरले. रात्री लॉजवर मी तिला पत्र लिहायला घेतलं, "वनमाला, आज मी" एवढं लिहिलं आणि कागद चुरगाळला. पुढे काय लिहिणार? तुझ्या जागेवरून समुद्र छान दिसतो?

मग त्याच कॉलेजात नोकरी लागली. सर निवृत्त झाले, कवडूभाऊ गेले. लाल मेणाची बरणी आहे. तिच्यावर नेरीस लिहिलं आहे. दर वर्षी मी ती काढते, पुसते, पाच नंबरला ठेवते, आणि मुलं मेण बघून नेरीस लिहितात आणि मी दोन मार्क देते. चिठ्ठी बदलायला मला कुणाची परवानगी लागत नाही. गोंदाची बाटली माझ्याच कपाटात असते. दर वर्षी ठरवते, आणि दर वर्षी मनात येतं की कुणी विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं, तर मी काय सांगू?

मध्यंतरीच्या वर्षांत त्या रसायनांचा शोध लागला. कुणी लावला, कुठं लावला, ते मी वर्गात सांगते. मुलं लिहून घेतात. त्यातल्या एका जातीची मादी नराला ज्यानं पिसाळवते ते रसायन म्हणजे साधं युरिक ॲसिड निघालं. माझ्या नवऱ्याच्या रक्ताच्या रिपोर्टात दर सहा महिन्यांनी ते वाढलेलं येतं आणि त्याचा अंगठा सुजतो. तेच ते. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले आणि लगेच वाटलं, हे वनमालाला सांगायला हवं. सांगितलं नाही. बारा वर्षं नाही सांगितलं.

परवा मला कोरपना भागातल्या एका कॉलेजात परीक्षक म्हणून पाठवलं. गडचिरोलीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून राजुरा, गडचांदूर. बस बदलता बदलता कंबर मोडली. दुपारी परीक्षा आटोपली आणि मी पत्ता विचारत तिच्या घरी गेले. गाव सिमेंटच्या धुळीखाली. शेतांतल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पांढऱ्या, घरांची कौलं पांढरी. वनमाला अंगणवाडीत काम करते. ओट्यावर बसून ती मुलांच्या वजनाचे तक्ते भरत होती. केस पिकलेत, चष्मा लागला आहे. तिनं मान वर केली.

"अवं माय! संगे? काऊन वं, रस्ता चुकली का?"

पाणी दिलं, चहा ठेवला. तिचा नवरा ड्यूटीवर होता, मुलगा पुण्याला. मी प्रवासाचं बोलले, उन्हाचं बोलले, तिच्या गुडघ्याचं विचारलं. ती सगळ्याला हाव, हाव करत होती. मग कपात साखर हलवता हलवता तिनंच विचारलं.

"त्या किड्यायचं पुढं काय निघालं वं? काय सोडते मादी पाण्यात? सापडलं काय कोणाले?"

मी सांगायला लागले. आधी हळूहळू, मग वर्गात सांगते तसं. कुठल्या रसायनानं नर गोल फिरायला लागतो, कशानं मादी अंडी सोडते, पाण्यात ते किती थोडंसं असलं तरी चालतं. तिनं तक्ता बाजूला ठेवला होता. ती थोडी पुढे वाकून ऐकत होती, तोंड अर्धवट उघडं, अगदी पिंपळाखालची वनमाला. मध्येच तिनं असा एक प्रश्न विचारला जो माझ्या वर्गात वीस वर्षांत कुणी विचारला नाही: भरतीच्या पाण्यात ते वाहून जात असेल, मग नराला दिशा कशी कळते? मला उत्तर येत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग युरिक ॲसिडचं सांगितलं.

"युरिक ॲसिड?" ती म्हणाली. "मुतातलं?"

"हो."

ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. बावीस वर्षांनी आम्ही दोघी एका ओट्यावर बसून हसत होतो आणि मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक आहे. मूर्ख मी. हसणं थांबल्यावर तिनं चष्मा पुसला.

"ते बरणी हाय अजून?"

"आहे."

"नाव?"

मी पदर सारखा केला.

"नेरीसच?"

"हो."

"तू मोठी मॅडम हायस नं आता तितली?"

मी कप खाली ठेवला. बसमध्ये तीनदा घोकलेलं होतं, ते बोलून टाकलं. म्हटलं, वनमाला, मला माफ कर. त्या दिवशी मी घाबरले होते. सर होते, बाहेरचे परीक्षक होते, कवडूभाऊंना दिलेलं वचन होतं, मी विशीतली पोर, भीतीनं तोंडातून निघून गेलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. आवाजही चढवला नाही. मला वाटतं, हे तिनं फार वर्षांपूर्वीच बोलून ठेवलं होतं, फक्त ऐकायला मी नव्हते.

"कवडूभाऊचं नाव नको घेऊ. वचन तं मीही देल्लं होतं, अन् मी खोटं नाई बोलली. अन् तू भ्याली नव्हती, संगे. भ्यालेलं माणूस खाली पायते. तू 'नेरीस, सर' म्हणली अन् माह्याकडं पाह्यलं."

मग ती उठली, कप उचलले, आणि म्हणाली की साडेपाचची बस चुकली तर मग थेट सकाळीच आहे. फाट्यापर्यंत पोचवायला आली. बस आली तेव्हा तिनं माझी पिशवी वर दिली आणि पदरानं तोंडावरची धूळ पुसत मागं वळली.

राजुऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. इतक्या वर्षांनी तिला काय आठवणार, कोण कुठं बघत होतं! माझ्याकडे सर बघत होते, मी सरांकडे बघत होते. दारात उजेड होता, तिला नीट दिसलंही नसेल. मी बाबांच्या धाकात वाढलेली, मला मोठ्या माणसांसमोर बोलता यायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. असं बरंच काही. चंद्रपूरला बस बदलली, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि मुद्दे संपले.

मी तिच्याकडे पाहिलं होतं. आणि मला आनंद झाला होता.